आधी टी-टाइम, मग हॉटेल: सोलापूरहून मॉरिशसची गोल्फ सहल

समुद्रकाठच्या रिसॉर्टवर गोल्फ खेळायला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन ट्रॅव्हल एजंटला जातो. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता-जेवण धरून, समुद्राकडे तोंड असलेली खोली. पैसे भरून झाले की मग कोणीतरी विचारतं, टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची आपली वेळ, कधीची? तोवर सकाळच्या वेळा गेलेल्या असतात आणि दुपारी एक-दीडची वेळ हातात पडते. जून महिन्यात मॉरिशसमध्ये सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. चौघांच्या गटाला १८ होल पूर्ण करायला सव्वाचार ते साडेचार तास लागतात, पुढचा गट रेंगाळला तर पाच. हिशेब सोपा आहे. शेवटचे दोन-तीन होल अंधारात चाचपडायचे, किंवा पैसे भरलेले सोडून द्यायचे.

म्हणून क्रम उलटा लावा. आधी महिना, मग कोर्स आणि टी-टाइम, मग सामान नेण्याची सोय, आणि सगळ्यात शेवटी हॉटेल.

महिना कोणता

मॉरिशस साधारण २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. सोलापूर विषुववृत्ताच्या या बाजूला जितकं दूर, जवळपास तितकंच ते त्या बाजूला. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे सरून पाऊस लागतो तेव्हा तिथे कोरडा, गार हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत टिकतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उकाड्याचा, पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. वादळ प्रत्यक्ष बेटावर आदळायलाच हवं असं नाही. ते जवळून गेलं तरी बोटी बंद, कोर्स बंद, विमानं रखडलेली.

हे वेळापत्रक सोलापूरकरांच्या चांगलं पथ्यावर पडतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा सोडून कोणी बाहेर जात नाही, आणि साखर कारखान्यांशी संबंध असलेल्यांना गाळप संपेपर्यंत डोकं वर काढता येत नाही. मोकळा वेळ मिळतो तो नेमका मे ते सप्टेंबर. गंमत म्हणजे तिथली ऊसतोड जूनपासूनच सुरू होते. कोर्सकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर उसाने भरलेल्या गाड्या पुढे लागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला याचं नवल नाही, पण टी-टाइम गाठायचा असेल तर नकाशावरच्या वेळेत वीस मिनिटं वाढवून निघा.

या कोरड्या हंगामातही सगळे महिने सारखे नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे सगळ्यात जोरात असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून जोर उतरतो. ऑक्टोबर हा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना, दिवसही मोठा झालेला, सूर्यास्त सहानंतर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर धरावा. आणखी एक गोष्ट: गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी माणसं तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि गणपती धूमधडाक्यात बसतो. बघायला छान, पण सुट्टीच्या दिवशी स्थानिक खेळाडूही कोर्सवर उतरतात, तेव्हा त्या दिवसाची वेळ फार आधी पकडावी लागते.

बेटाची कुठली बाजू

वारा आग्नेयेकडून येतो म्हणजे पूर्व आणि आग्नेय किनारा वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं नियोजन झालं.

पूर्वेला तीन मोठी नावं आहेत. इल ओ सर्फ हा बर्नहार्ड लांगर यांनी आखलेला, २००३ मध्ये सुरू झालेला, स्वतंत्र बेटावरचा पार ७२ कोर्स (म्हणजे निष्णात खेळाडूने ७२ फटक्यांत संपवावा असा). बेल मारला लेजंड आणि लिंक्स असे दोन. आनाहिता एर्नी एल्स यांचा. दक्षिणेला बेल ओंब्रमध्ये हेरिटेजचे दोन कोर्स आहेत, त्यातला ला रिझर्व्ह २०२३ मध्ये सुरू झाला. पश्चिमेला तामारिना. नैर्ऋत्येच्या टोकाला, ल मॉर्नच्या डोंगराखाली पॅराडी. ल मॉर्न पश्चिमेला धरून फसू नका. तो वाऱ्यावर पतंग उडवत पाण्यावर घसरणाऱ्यांचा जगप्रसिद्ध अड्डा आहे, तेव्हा वारा किती असेल ते समजून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर मुक्काम पश्चिमेला ठेवा आणि पूर्वेकडे एखादीच फेरी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुक्काम पूर्वेला चालतो. बेट लहान दिसतं म्हणून "रोज नवा कोर्स" अशी आखणी करण्याचा मोह होतो. पूर्वेकडून नैर्ऋत्येला जायला एका बाजूने दीड तास सहज जातो. जाऊन-येऊन तीन, खेळायला साडेचार, वर जेवण. दिवस संपला. बरोबर आलेल्या कुटुंबाला काय सांगणार?

सहा रात्रींच्या सहलीत चार फेऱ्या पुरेत. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जवळचा, रुंद फेअरवेचा (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) कोर्स. तिसऱ्या दिवशी विश्रांती किंवा नुसता पटिंगचा (होलजवळ चेंडू घरंगळत नेण्याचा) सराव. चौथ्या दिवशी इल ओ सर्फ. पाचव्या आणि सहाव्या दिवशी उरलेल्या दोन. इल ओ सर्फ पहिल्याच दिवशी ठेवू नका. खारफुटी आणि उथळ समुद्रावरून चेंडू उडवावा लागतो असे फटके तिथे बरेच आहेत. अंगात प्रवासाचा शिणवटा आणि वाऱ्याचा अंदाज शून्य, अशा अवस्थेत पहिल्या नऊ होलमध्येच डझनभर चेंडू समुद्रार्पण होतात. शिवाय तिथे बोटीने जायचं असतं. टी-टाइमच्या निदान एक तास आधी धक्क्यावर हजर राहायचं असा नियमच करून टाका. बोट चुकली तर गट पुढे सरकत नाही, वेळ जाते.

टी-टाइम पकडताना

सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळा मागा. सकाळी वारा तुलनेने शांत असतो, दुपारी वाढतो. आठ जणांचा गट असेल तर दोन लागोपाठच्या वेळा लागतील, म्हणजे त्यांच्यात आठ-दहा मिनिटांचं अंतर. ई-मेलमध्ये "आठ खेळाडू, दोन लागोपाठच्या वेळा, चार कार्ट" असं स्पष्ट लिहा (कार्ट म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी). नुसतं "आठ खेळाडू" लिहिलं तर एक गट आठला आणि दुसरा साडेदहाला, असंही उत्तर येतं.

दुपारच्या सवलतीच्या वेळा स्वस्त असतात. त्या नऊ होलसाठी घ्या, अठरासाठी नको.

दर विचारताना पाच गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे), कार्ट, सरावाचे चेंडू, भाड्याचा सेट आणि ने-आण. काही रिसॉर्ट मुक्कामाच्या पाहुण्यांना ग्रीन फी माफ करतात, पण कार्टचे पैसे वेगळे घेतात आणि कार्ट सक्तीची असते. "गोल्फ फुकट" या दोन शब्दांवर विसंबून राहू नये ते यासाठीच. दर कुठल्या चलनात आहे तेही बघा. मॉरिशसचं चलनही रुपयाच, पण त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात असतो. काही ठिकाणी दर युरोत सांगतात. एकाच तक्त्यात तीन चलनं मिसळली की गटाचा खजिनदार आणि बाकीचे यांच्यात विमानतळावरच जुंपते. एजंटकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) कापला जातो. तो आपल्या पॅननुसार जमा झाला का ते नंतर तपासा, म्हणजे विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

रद्द करण्याची अट लेखी घ्या. पावसाने कोर्स बंद केला तर बहुधा दुसरी वेळ किंवा पुन्हा खेळायची पावती मिळते. कोर्स सुरू असताना तुम्ही पावसाला कंटाळून निघालात तर काही मिळत नाही.

हँडिकॅपचा कागद

अनेक रिसॉर्ट कोर्सवर हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूला त्याच्या पातळीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा, पुरावा मागतात, आणि पुरुषांसाठी २८, महिलांसाठी ३६ अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. आपल्या होम क्लबकडून इंडियन गोल्फ युनियनच्या नोंदीचा अद्ययावत दाखला घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुण्याला जाऊन वर्षातून चार-सहा फेऱ्या खेळणाऱ्यांची पंचाईत इथेच होते, कारण स्कोअर नोंदवायचा आळस केलेला असतो. सहलीच्या तीन महिने आधीपासून प्रत्येक फेरीचं कार्ड जमा करा.

हँडिकॅप इंडेक्स आणि त्या कोर्सवर मिळणारे स्ट्रोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूत्र असं: इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग वजा पार. (रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे लागावेत ते फटके, स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो त्याचा आकडा.) उदाहरणादाखल इंडेक्स १८.४, स्लोप १३५, रेटिंग ७१.५ आणि पार ७२ धरा. १८.४ × १३५ ÷ ११३ म्हणजे २१.९८. त्यातून ०.५ वजा. २१.४८ राहिले, म्हणजे २१ स्ट्रोक. स्टेबलफोर्ड (दर होलला गुण मोजायची पद्धत) किंवा वैयक्तिक स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायची) असेल तर याच्या ९५ टक्के घेतात, म्हणजे २०. गटात पैज लावायची असेल तर हे गणित निघण्यापूर्वी घरी करून कागदावर ठेवा. तिथे पहिल्या टीवर उभं राहून केलं तर कोणाचंच कोणाशी जुळत नाही.

कुठल्या टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या कुठल्या जागेवरून, खेळायचं? आपल्या पाच नंबरच्या आयर्नचं (लोखंडी डोक्याच्या काठीचं, म्हणजे क्लबचं) खरं अंतर घ्या, चांगला बसलेल्या एखाद्या फटक्याचं नव्हे, नेहमीचं. त्याला ३६ ने गुणा. पाच आयर्न १५० यार्ड जात असेल तर ५४०० यार्डांच्या आसपासची टी तुमची. मागच्या टीवरून खेळण्यात मर्दुमकी मानणारे लोक दुसऱ्या होलपासून पुढच्या टीकडे आशाळभूतपणे बघायला लागतात.

आणि ही ५४०० यार्डांची गोष्ट करताना एक मोठा खड्डा टाळा. आपल्याकडे यार्ड, तिथल्या कोर्सवर बहुतेक मीटर. कार्डावर १५० लिहिलं असेल तर ते १६४ यार्ड आहेत. दहा टक्के वाढवले की काम भागतं. रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या दुर्बिणीची) सेटिंग विमानात बसण्यापूर्वीच मीटरवर करायची की सगळ्यांनी यार्डच वापरायचे, हे गटाने एकमताने ठरवा. एकजण मीटर सांगतोय आणि दुसरा यार्ड समजून क्लब काढतोय, हा गोंधळ हमखास होतो.

सामान: सोलापूर ते मुंबई हाच अवघड टप्पा

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान साधारण सहा तासांचं. ते सोपं आहे. अडचण आहे ती सव्वा मीटर लांबीची बॅग सोलापुरातून मुंबईला नेण्याची.

आधी वजन. चौदा क्लबचे पावणेसहा ते सहा किलो, स्टँड बॅग अडीच, मऊ ट्रॅव्हल कव्हर साडेतीन, बूट एक, दोन डझन चेंडू एक किलो शंभर ग्रॅम, छत्री-रेनकोट-टॉवेल मिळून एक-दीड. बेरीज पंधरा-सोळा किलो. कडक कवचाची पेटी घेतली तर आणखी दोन किलो. तिकिटातल्या चेक-इन सामानात एकच नग २३ किलोचा असेल तर कपड्यांना सात किलो उरतात. त्यामुळे तिकीट काढतानाच विमान कंपनीच्या खेळसाहित्याच्या अटी वाचा आणि गोल्फ बॅगची आगाऊ नोंद करा. काउंटरवर वजन भरण्याचे पैसे कधीही जास्त पडतात.

रेल्वेने जायचं तर एसी टू टायरला ५० किलो, थ्री टायर आणि चेअर कारला ४० किलो सामान फुकट नेता येतं. वजनाचा प्रश्न नाही, लांबीचा आहे. डब्यात नेण्याच्या पेटीचं माप नियमात १०० सेंटिमीटरपर्यंतच आहे. गोल्फ बॅग त्याहून लांब. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये खालच्या बर्थखाली ती आडवी सरकते, म्हणून गटातल्या निदान निम्म्या लोकांचे खालचे बर्थ घ्या आणि गाडी लागताच चढा. वंदे भारतमध्ये डोक्यावरच्या रॅकवर ती नीट बसत नाही. ब्रेक व्हॅनमध्ये टाकणं नियमाला धरून आहे, पण क्लबच्या तब्येतीला धरून नाही. चार जणांपेक्षा मोठा गट असेल तर सरळ टेम्पो ट्रॅव्हलर करा. इनोव्हात चार माणसं, चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेस बसवायच्या तर मागची सीट दुमडावी लागते. सहा माणसं बसतील, पण बॅगा टपावर जातील. टपावर बांधायच्या असतील तर ताडपत्री घाला. पुणे रस्त्यावर पाऊस सांगून येत नाही. मॉरिशसमध्ये उतरल्यावर घ्यायला येणाऱ्या गाडीलाही हाच न्याय. बुकिंग करताना माणसं आणि गोल्फ बॅगा वेगवेगळ्या मोजून सांगा.

विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. लोणावळ्याच्या घाटात अडकलेल्या गाडीसाठी विमान थांबत नसतं.

बॅग भरताना सगळ्यात जास्त मोडतो तो ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, आणि तोही डोक्याच्या लगेच खाली. बॅग उलटी आपटली की कव्हरचा वरचा भाग दबतो आणि सगळा भार सगळ्यात लांब क्लबवर येतो. उपाय दोन. एक, ड्रायव्हरचं डोकं पान्याने सोडवून मोज्यात गुंडाळून कपड्यांत ठेवायचं. पाना चेक-इनमध्येच टाका, हातातल्या बॅगेत ठेवला तर सुरक्षा तपासणीत जाईल. दोन, बॅगेत सगळ्यात लांब क्लबपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच आधार दांडा उभा करायचा. तो बाजारात तयार मिळतो. आयर्नची डोकी एका टॉवेलने एकत्र आवळून बांधा, म्हणजे एकमेकांवर आपटत नाहीत. रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.

टॉवेलचा विषय निघालाच आहे तर बाहेरून गोल्फ टॉवेल म्हणून महागडा तुकडा विकत घेऊ नका. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. हातभर लांबीचे तीन घ्या. एक ओला, क्लबच्या खाचा पुसायला. एक कोरडा, पकडीसाठी. एक बदली. नवा टॉवेल दोनदा धुऊन मगच न्या. त्यातली खळ गेल्याशिवाय तो पाणी शोषत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो. चादर मात्र घरीच राहू द्या.

बूट आणि क्लबवरची माती घासून काढा. मॉरिशस हे बेट आहे, शेतीवर जगलेलं आहे. माती, बिया, रोपं, ताजी फळं याबाबत तपासणी कडक असते. खाण्याचं जे काही नेत असाल ते जाहीर करा. शेंगा चटणी बंद पाकिटात, छापील नाव असलेली. डब्यात घरून भरून नेलेली लाल पूड काउंटरवरच्या माणसाला समजावून सांगणं त्रासाचं होतं.

व्हिसाचं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना पोचल्यावर प्रवेश मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाचा कागद आणि निघण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन फॉर्म एवढं हाताशी ठेवा. घड्याळ दीड तास मागे करायचं. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा.

वारा, गवत, वाळू

समुद्रकाठची हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो, असं क्लबात नेहमी ऐकू येतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. चेंडू थोडा कमी जातो तो उंचीमुळे. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथून समुद्रसपाटीला आलं की सुमारे दोन टक्के अंतर घटतं. १५० यार्डांचा फटका १४७ यार्ड. यासाठी डोकं लावू नका, सगळं डोकं वाऱ्यासाठी राखून ठेवा.

ठोकताळा असा: समोरचा वारा ताशी १६ किलोमीटर असेल तर अंतर दहा टक्के वाढलं असं धरा. पाठीमागून तेवढाच असेल तर पाच टक्केच घटलं. म्हणजे समोरच्या वाऱ्यात १५० यार्ड हे १६५ होतात, पाठीच्या वाऱ्यात १४२-१४३. नुकसान जास्त, फायदा कमी. वारा ताशी २५-३० किलोमीटरचा असणं तिथे नेहमीचं आहे. तेव्हा दोन-तीन क्लब वाढवायचे आणि हळू मारायचं. जोरात मारलं की चेंडूला फिरकी वाढते, तो वर चढतो आणि वाऱ्यात उभाच राहतो. निघण्यापूर्वी महिनाभर एकाच फटक्याचा सराव करा. सात आयर्न, पकड तीन सेंटिमीटर खाली, चेंडू नेहमीपेक्षा अर्धा चेंडू मागे, आणि फटका झाल्यावर हात छातीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. हा सराव जाळीत मारूनही होतो.

गवत हा दुसरा बदल. खारं पाणी सोसणारं पॅस्पॅलम गवत अशा किनारी कोर्सवर लावतात, कारण गोडं पाणी कमी पडलं तर मचूळ पाण्यावरही ते तगतं. फेअरवेवर ते दाट आणि ताठ असतं, चेंडू छान वर बसतो. पण ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेला जमिनीवरून घरंगळत नेणारी चिप त्यात अडकते. पहिल्या टप्प्यालाच चेंडू दम तोडतो. त्याऐवजी चेंडू ग्रीनवर टाका, किंवा कडेपासून सरळ पटर वापरा, तोही नेहमीपेक्षा थोडा जोरात. रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) ते क्लबला चिकटतं. तिथे लांब आयर्नचा हट्ट नको, वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) घ्या आणि बाहेर या.

ग्रीनवर बर्म्युडा गवत असेल तर गवताच्या लवेकडे बघा. चेंडूपासून होलकडे बघताना गवत चमकत असेल तर लव होलच्या दिशेने आहे, चेंडू पळेल. काळपट दिसत असेल तर लव अंगावर येते, जोर वाढवा.

बंकरमधली वाळू मऊ आणि खोल असेल तर जास्त बाउन्सचा (तळाला फुगवटा असलेला) वेज चालतो, १२ ते १४ अंशांचा. पातळ तळाचा वेज त्यात कुदळीसारखा घुसतो.

आपल्या लोकांना सगळ्यात जड जाणारा बदल वेगळाच आहे. कॅडी नसतो. पुण्यात चेंडू शोधणं, क्लब पुसणं, पटची रेषा सांगणं, बंकर सारखं करणं, सगळं तो करतो. इथे कार्ट आणि तुम्ही. प्रत्येक फटक्यानंतर चेंडू कुठल्या झाडाच्या रेषेत गेला ते दोघांनी बघायचं, डिव्हॉट (फटक्याने उखडलेला हिरवळीचा खड्डा) भरायचा, बंकर स्वतः ओढायचा. शोधायला तीनच मिनिटं. त्यामुळे पाण्याजवळच्या प्रत्येक होलला प्रोव्हिजनलचा (पहिला हरवला असेल म्हणून आधीच दुसरा चेंडू मारण्याचा) किंवा पेनल्टी ड्रॉपचा (दंड घेऊन चेंडू नव्या जागी टाकण्याचा) निर्णय चटकन घ्या. वीस हँडिकॅपच्या खेळाडूने इल ओ सर्फसाठी बारा चेंडू बरोबर ठेवावेत. तिथल्या दुकानात ते मिळतात, पण तो भाव बघून पार चुकतो.

किनाऱ्यावर लागणारे दोन-तीन नियम माहीत असू द्या. खाली पडलेला नारळ सुटा अडथळा आहे, उचलून बाजूला ठेवता येतो. बंकरमध्येही. चेंडू हलला तर मात्र दंड. खेकड्याचं बीळ प्राण्याचं बीळ म्हणून धरलं जातं. चेंडू पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या, दंड घेऊन बाहेर येण्याच्या भागात) नसेल तर तिथे फुकट ड्रॉप मिळतो, जवळच्या मोकळ्या जागेपासून एक क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता. चेंडू माडाच्या शेंड्यात अडकला असेल तर तो तुमचाच आहे हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर हरवलेला. रेंजफाइंडरमधून खूण दिसते, म्हणून चेंडूवर जाड शाईने मोठी खूण करा.

सोलापूरचा उन्हाळा अंगावर काढलेल्या माणसाला पंचवीस अंशांचं काय, असं वाटतं. फसतो तो तिथेच. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि नवव्या होलपर्यंत मान भाजून निघते. सनस्क्रीन निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, नवव्या होलनंतर पुन्हा, आणि हाताचे तळवे टॉवेलने पुसून मगच ग्लोव्ह घाला. तळव्यावर राहिलं तर पकड सुटते आणि कातडी ग्लोव्ह खराब होतो. ग्लोव्ह तीन न्या, दर सहा होलला बदला. भिजलेला ग्लोव्ह कार्टच्या दांड्याला सावलीत अडकवा. उन्हात टाकला तर पापडासारखा कडक होतो. एक पावसाळी ग्लोव्ह जोडीला ठेवा, ओला झाल्यावर तोच धरतो. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तितक्याच, म्हणजे मोठ्या पाकिटाला एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत ओतून दाट करून पिऊ नका.

परत आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात उभी करू नका. खाऱ्या हवेचा थर क्लबवर बसलेला असतो, आणि मुलामा नसलेल्या वेजना आठवड्यात गंज धरतो. डोकी कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, दांडे ओल्या फडक्याने पुसा, पकडी वेगळ्या धुवा, मग कोरडं करून वेजच्या तोंडावर तेलाचा हलका हात फिरवा. बॅगेचे सगळे खिसे उलटे करून गच्चीत दिवसभर ठेवा. वाळू बाहेर येते, आणि कुठल्यातरी खिशातून मॉरिशसची दहा-वीस रुपयांची नाणीही.